बटण दाबले तरी काही होत नाही: मॅक्रो असलेली एक्सेल फाइल नवख्या हाती देण्यापूर्वी

गृहनिर्माण संस्थांची देखभाल बिले, पावत्या आणि थकबाकीवरचे व्याज यांचा हिशेब आजही अनेक ठिकाणी एका एक्सेल फाइलमध्ये ठेवला जातो. संगणकाची जाण असलेला एखादा सभासद ती फाइल तयार करतो, तिच्यात मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) लिहितो, ‘बिले तयार करा’ आणि ‘पावती नोंदवा’ अशी बटणे ठेवतो आणि काही वर्षे सारे सुरळीत चालते. मग खजिनदार बदलतात, व्यवस्थापक बदलतात किंवा नुसता संगणक बदलतो, आणि तीच तक्रार पुन्हा येते की बटण दाबले तरी काहीच होत नाही. कोणीतरी जाणकार येऊन ती दूर करतो आणि पुढच्या बदलानंतर ती पुन्हा उद्भवते. ती वारंवार का येते आणि फाइल कशी बांधली असता ती येणार नाही, हे येथे विंडोजवरील एक्सेलपुरते मांडले आहे.

ज्या फाइलचे बटण अजिबात चालत नाही, तिच्यामुळे फार मोठे नुकसान होत नाही, कारण काम थांबते आणि वापरणारी व्यक्ती मदत मागते. खरा धोका अर्धवट चालणाऱ्या फाइलचा आहे. मॅक्रो बंद असले तरी शीट उघडते, सेलमध्ये लिहिता येते, साधे फॉर्म्युले बेरजा करत राहतात आणि फाइल सेव्हही होते. पावतीला पुढचा क्रमांक देणे, सदनिकेचा क्रमांक सभासदांच्या यादीशी ताडून पाहणे, मागील बाकी पुढे ओढणे ही कामे मात्र मॅक्रो करत असतात आणि ती गुपचूप थांबलेली असतात. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या किंवा न आलेली मागील बाकी मग थेट लेखापरीक्षणाच्या वेळी दिसते. त्यामुळे फाइल बांधणाऱ्याने पहिला नियम असा ठेवावा की मॅक्रो चालू नसतील तर फाइलमध्ये काहीच करता येता कामा नये, आणि त्या अवस्थेत काय करायचे हे फाइलनेच सांगितले पाहिजे.

मॅक्रो बंद का राहतात

एकसारख्या दिसणाऱ्या या तक्रारीमागे किमान तीन वेगळी कारणे असतात. पहिल्या प्रकारात फाइल संरक्षित दृश्यात (प्रोटेक्टेड व्ह्यू, म्हणजे फक्त वाचण्यापुरती) उघडलेली असते, वर ‘एनेबल एडिटिंग’ हे बटण असते आणि ते दाबेपर्यंत काहीही बदलता येत नाही. दुसऱ्या प्रकारात वर पिवळी पट्टी येते आणि तिच्यावर ‘एनेबल कंटेंट’ असते. ते एकदा दाबले की त्या संगणकावर, त्या वापरकर्त्यासाठी, त्या ठिकाणी असलेली ती फाइल विश्वासाची ठरते आणि पुन्हा विचारणा होत नाही. परंतु हा विश्वास फाइलच्या जागेशी आणि नावाशी बांधलेला असतो. दर महिन्याला नव्या नावाने प्रत काढण्याची पद्धत असेल, तर पट्टी दर महिन्याला नव्याने येते, आणि ती कधी दाबायची हे माहीत नसलेल्या माणसाला फाइल कधी चालते, कधी चालत नाही असे वाटते.

तिसरा प्रकार २०२२ पासूनचा आहे आणि सर्वाधिक गोंधळ त्यानेच होतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधील मॅक्रो मुळातच अडवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला, जुलैच्या सुरुवातीस त्याची अंमलबजावणी थोडे दिवस थांबवली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती पुन्हा सुरू केली. अशी फाइल उघडली की लाल पट्टी येते आणि तिच्यावर मॅक्रो चालू करण्याचे बटणच नसते. या निर्णयामागचे कारण रास्त आहे. १९९९ मध्ये मेलिसा हा विषाणू वर्डच्या मॅक्रोमधून ईमेलद्वारे जगभर पसरला होता आणि ती वाट त्यानंतरही अनेकांनी वापरली.

लाल पट्टी येण्याचे तांत्रिक कारण समजून घेतले की बरीच कोडी सुटतात. ब्राउझरने किंवा ईमेलच्या प्रोग्रॅमने उतरवून घेतलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण जोडते आणि ही फाइल बाहेरून आली आहे, अशी नोंद त्या खुणेत असते. ही खूण एनटीएफएस या, विंडोजच्या नेहमीच्या, मांडणीच्या डिस्कवरच टिकते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीची असते आणि तिच्यावर ती खूण राहत नाही. म्हणूनच पेनड्राइव्हने दिलेली फाइल चालते आणि तीच फाइल ईमेलने पाठवली की चालत नाही. यात फाइलमध्ये दोष नसतो, तरी पुष्कळ वेळ कोड तपासण्यात जातो.

यावर उपाय असा: फाइल बंद करावी, फोल्डरमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘जनरल’ या भागात तळाशी असलेल्या ‘अनब्लॉक’ या चौकटीत खूण करावी, ‘ओके’ दाबावे आणि मग फाइल उघडावी. झिप फाइल आली असेल तर ती सोडवण्यापूर्वीच अनब्लॉक करावी, कारण विंडोजने झिप सोडवली की आतल्या फाइलींनाही तीच खूण लागते. कायमचा उपाय हवा असेल तर या कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर तयार करून एक्सेलच्या ‘ट्रस्ट सेंटर’मधील विश्वसनीय ठिकाणांच्या यादीत त्याची नोंद करावी. मात्र ‘डाउनलोड्स’ हा फोल्डर त्या यादीत कधीही घालू नये, कारण बाहेरून येणारे सारे तिथेच पडते. सगळे मॅक्रो सरसकट चालू ठेवण्याची सेटिंग निवडून प्रश्न सोडवण्याचा सल्लाही अनेक जण देतात आणि तो मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. आपल्या एका फाइलच्या सोयीसाठी एका नवख्या माणसाचा संगणक सर्व अनोळखी फाइलींसाठी उघडा टाकण्याचा अधिकार फाइल बांधणाऱ्याला नाही.

मोबाइलबद्दल एवढेच सांगणे पुरे की अँड्रॉइड आणि आयफोनवरील एक्सेल, ब्राउझरमधील एक्सेल आणि गुगल शीट्स यांपैकी कशातही व्हीबीएचे (एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचे) मॅक्रो चालत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल फोनवर उघडून त्यात पावत्या भरणे हा प्रकार प्रत्यक्षात घडतो आणि त्यालाही पुढचाच उपाय लागू पडतो.

सूचनेची शीट

फाइलमध्ये ‘सूचना’ नावाची एक शीट ठेवावी आणि बाकी सर्व शीट अतिगुप्त (‘व्हेरी हिडन’) अवस्थेत लपवाव्यात. साध्या लपवलेल्या शीटवर राइट क्लिकने ‘अनहाइड’ करता येते, पण अतिगुप्त शीट त्या यादीत दिसतच नाही. ती अवस्था फक्त कोडमधून किंवा व्हीबीएच्या संपादकातून बदलता येते. वर्कबुक उघडताना चालणाऱ्या मॅक्रोने या शीट दाखवाव्यात आणि सूचनेची शीट लपवावी. मॅक्रो चाललेच नाहीत, तर वापरणाऱ्यासमोर केवळ सूचना राहते. कोणी शिफ्टची कळ दाबून धरून फाइल उघडली, तरी उघडतानाचा मॅक्रो टळतो आणि समोर सूचनाच येते, म्हणजे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते.

ही कल्पना जुनी आणि परिचित आहे, पण ती अमलात आणताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी चूक म्हणजे शीट लपवण्याचे काम फाइल बंद होतानाच्या इव्हेंटमध्ये (उघडणे, सेव्ह होणे, बंद होणे अशा घटनेच्या वेळी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) ठेवणे. वापरणाऱ्याने फाइल बंद करायला घेतली, सेव्ह करायचे का या प्रश्नावर ‘कॅन्सल’ दाबले, की शीट लपलेल्या असतात आणि फाइल उघडीच राहते. शिवाय मधल्या वेळी सेव्ह केलेल्या फाइलमध्ये शीट उघड्या असतात, आणि त्यानंतर वीज गेली तर डिस्कवर नेमकी तीच असुरक्षित प्रत उरते. म्हणून लपवण्याचे काम सेव्ह होण्यापूर्वीच्या इव्हेंटमध्ये करावे आणि सेव्ह झाल्यावर शीट पुन्हा दाखवाव्यात. एक्सेल २०१० पासून सेव्ह झाल्यानंतरचा स्वतंत्र इव्हेंट मिळतो, त्यामुळे हे सोपे झाले आहे. या पद्धतीत डिस्कवर असलेली प्रत नेहमीच बंदिस्त असते आणि उघडी अवस्था फक्त चालू असलेल्या एक्सेलमध्ये असते.

क्रमही महत्त्वाचा आहे. वर्कबुकमध्ये किमान एक शीट दिसती असावीच लागते, म्हणून आधी सूचना दाखवावी आणि मग बाकीच्या लपवाव्यात. उलट केले तर १००४ क्रमांकाची एरर येते. लपवण्यापूर्वी कोणती शीट आणि कोणता सेल समोर होता हे लक्षात ठेवून सेव्हनंतर तिथेच परत न्यावे, नाहीतर प्रत्येक सेव्हनंतर माणूस पहिल्या शीटवर फेकला जातो आणि चार दिवसांत सेव्ह करणेच टाळू लागतो. शीट पुन्हा दाखवल्यामुळे एक्सेलला फाइल बदलल्यासारखी वाटते आणि बंद करताना ते विनाकारण सेव्हविषयी विचारते, म्हणून दाखवून झाल्यावर फाइल सेव्ह झालेली आहे अशी नोंद कोडने करून ठेवावी. फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथला ऑटोसेव्ह या रचनेशी जुळत नाही. तो तरी बंद करावा किंवा फाइल स्थानिक डिस्कवर ठेवावी.

‘सेव्ह ॲज’चा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. मॅक्रो राहू शकतील अशी फाइल एक्सएलएसएम किंवा एक्सएलएसबी प्रकारची असते आणि एक्सएलएसएक्स प्रकारात सेव्ह केली की मॅक्रो गळून पडतात. एक्सेल तशी सूचना देते, पण ती इंग्रजीत आणि लांबलचक असल्यामुळे बहुतेक जण ‘येस’ दाबतात. सेव्ह होण्यापूर्वीच्या इव्हेंटला ‘सेव्ह ॲज’ची खिडकी उघडणार आहे की नाही हे कळते. ती उघडणार असेल तर क्रिया रद्द करावी आणि त्याऐवजी ‘राखीव प्रत काढा’ असे बटण द्यावे, जे शीट लपवून, तारखेचे नाव देऊन, योग्य प्रकारातच प्रत ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवील. नुसती बंदी घातली तर माणूस दुसरी वाट शोधतो. प्रत काढण्याची गरज खरी आहे आणि ती भागवलीच पाहिजे.

मराठीत सूचना देताना येणारी अडचण

नवख्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायचे म्हणून कोडमध्ये मराठी संदेश लिहायला गेले की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. व्हीबीएचा संपादक युनिकोडवर (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतावर) चालत नाही आणि देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे कोडपेज (एका लिपीपुरता अक्षरसंकेत) नाही, त्यामुळे संपादकात लिहिलेली अक्षरे टिकत नाहीत. संदेश सेलमध्ये ठेवून नेहमीच्या संदेशखिडकीत दाखवावा म्हटले, तर ती खिडकीही युनिकोड पाळत नाही आणि तिथेही प्रश्नचिन्हेच येतात. यामुळे कंटाळून बरेच जण रोमन लिपीत मराठी लिहितात किंवा अर्धवट इंग्रजी संदेश देतात.

याहून चांगला मार्ग आहे. सर्व संदेश एका लपवलेल्या शीटवर क्रमांकानुसार लिहावेत, एक साधा यूझरफॉर्म (व्हीबीएमध्ये स्वतः बांधलेली खिडकी) तयार करून त्यावर एक लेबल आणि दोन बटणे ठेवावीत आणि फॉर्म उघडताना लेबलचा व बटणांचा मजकूर त्या शीटवरून घ्यावा. यूझरफॉर्मची लेबले चालू अवस्थेत युनिकोड दाखवतात. एकदा हा फॉर्म तयार झाला की सगळ्या फाइलींत वापरता येतो, आणि संदेशातली भाषा सुधारायची झाली तर कोडला हात लावावा लागत नाही. शीटची नावे मराठीत ठेवायची असतील तर कोडमध्ये ती नावे थेट लिहिता येत नाहीत. तिथे शीटचे कोडनेम (कोडपुरते असलेले वेगळे, रोमन लिपीतील नाव) वापरावे. ते संपादकात एकदा ठरवले की वापरणाऱ्याने बाहेरचे नाव कितीही बदलले तरी कोड अडत नाही आणि नाव बदलल्यामुळे येणारी ९ क्रमांकाची एररही कायमची जाते.

सूचनेच्या शीटवर लिहायचा मजकूर थोडा असावा. पिवळी पट्टी, लाल पट्टी आणि ‘प्रॉपर्टीज’ची खिडकी यांची चित्रे घालून प्रत्येकीखाली काय करायचे ते एकेका वाक्यात लिहावे. बटणांची नावे पडद्यावर जशी दिसतात तशीच चित्रात राहू द्यावीत, त्यांचे भाषांतर करून शोधाशोध वाढवू नये. याच शीटवर फाइलची आवृत्ती आणि हिशेबाचा महिना ठळक लिहावा, कारण एकाच फाइलच्या अनेक प्रती फिरत असतात आणि दूरध्वनीवर मदत करणाऱ्याचा पहिला प्रश्न कोणती प्रत उघडली आहे हाच असतो.

मॅक्रो चालू असतानाही बिघडणारे

एक तक्रार अशी येते की बटणे चालतात, पण सदनिकेचा क्रमांक लिहिला की नाव आपोआप येत असे ते येत नाही, आणि एक्सेल पूर्ण बंद करून उघडले की येऊ लागते. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. कोडने कामापुरते इव्हेंट बंद केलेले असतात, मध्येच एरर येते, वापरणारा ‘एंड’ दाबतो आणि इव्हेंट पुन्हा चालू करणारी ओळ गाठलीच जात नाही. ही अवस्था एका फाइलपुरती नसते. त्या वेळी उघड्या असलेल्या सर्व फाइलींचे इव्हेंट थांबतात. म्हणून इव्हेंट बंद करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला बाहेर पडण्याचा एकच दरवाजा असावा, एरर आली तरी कोडने त्याच दरवाजातून जावे आणि तिथे इव्हेंट, स्वयंचलित गणना व पडद्याचे अद्ययावतीकरण ही तिन्ही पूर्ववत व्हावीत. एररचा क्रमांक, प्रक्रियेचे नाव आणि वेळ एका लपवलेल्या शीटवर नोंदवावी. व्हीबीए प्रकल्पाला पासवर्ड लावावा, म्हणजे एररच्या खिडकीतील ‘डीबग’ हे बटण निष्क्रिय राहते आणि घाबरलेला माणूस कोडमध्ये जाऊन पोहोचत नाही.

दुसरी अडचण पेस्टची. सेलवर घातलेली डेटा व्हॅलिडेशन (चुकीची नोंद अडवणारी अट) फक्त टाइप केलेल्या मजकुराला अडवते. पेस्ट केलेला मजकूर ती तपासत नाही, उलट पेस्टमुळे ती व्हॅलिडेशनच पुसली जाते. शिवाय अनेक सेल एकदम पेस्ट झाले की एकाच सेलचा विचार करून लिहिलेला बदलाचा मॅक्रो १३ क्रमांकाची एरर देऊन थांबतो, आणि वर सांगितलेली इव्हेंटची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. नोंदी शीटवर थेट करू न देता फॉर्ममधूनच घ्याव्यात, असे माझे मत आहे. शीट प्रोटेक्ट करून कोडला मात्र लिहिण्याची मुभा देता येते, पण ती मुभा फाइलबरोबर सेव्ह होत नाही. फाइल प्रत्येक वेळी उघडताना ती नव्याने द्यावी लागते. काल चाललेले बटण आज १००४ क्रमांकाची एरर का देते, याचे उत्तर अनेकदा यात असते. शीटचा पासवर्ड ही चुकून होणाऱ्या बदलांपासूनची आडकाठी आहे, गोपनीयतेसाठी त्यावर विसंबू नये.

तारखांचा घोळ सर्वांत उशिरा लक्षात येतो. बँकेकडून मिळालेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची) फाइल मॅक्रोने उघडली की एक्सेल तारखा अमेरिकी क्रमाने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशा वाचते. ५ एप्रिलला आलेली रक्कम ४ मे रोजी आल्यासारखी नोंदली जाते आणि सभासदाला २९ दिवसांचे नाहक व्याज लागते. १ ते १२ या तारखाच अशा उलटतात. १३ पासून पुढच्या तारखा बरोबर दिसतात किंवा नुसता मजकूर म्हणून राहतात, त्यामुळे वरवर पाहिले तर यादी ठीक वाटते. सीएसव्ही उघडण्याच्या आज्ञेत स्थानिक पद्धत पाळण्याचा पर्याय स्पष्टपणे द्यावा, आणि फॉर्ममध्ये दिवस, महिना व वर्ष यांच्या तीन वेगळ्या चौकटी ठेवून तारीख कोडने जुळवावी. तीच तारीख कोडने मजकूर म्हणून सेलमध्ये लिहिली तरीही हाच उलटापालट होतो.

बटणांसाठी अ‍ॅक्टिव्ह-एक्स नियंत्रणे (शीटवर ठेवता येणारी जुन्या प्रकारची तयार बटणे व चौकटी) वापरू नयेत. नव्या ऑफिसमध्ये ती मुळातच बंद असतात. साधा आकार काढून त्याला मॅक्रो जोडणे पुरेसे आहे. कोडमधून थेट विंडोजला दिलेल्या, ३२ बिट ऑफिससाठी लिहिलेल्या आज्ञा ६४ बिट ऑफिसमध्ये कोड चालण्यापूर्वी, संकलनाच्या (कंपाइलच्या) वेळीच अडतात, त्या शक्यतो टाळाव्यात. नोंदी एका फाइलमध्ये आणि कोड दुसऱ्या फाइलमध्ये ठेवला, तर सुधारित कोड देताना नोंदी हलवाव्या लागत नाहीत आणि हिशेबाला धक्का न लावता दुरुस्ती करता येते.

सुपूर्त करण्यापूर्वीची चाचणी

फाइल स्वतःच्या संगणकावर चालते याला काही अर्थ नाही, कारण तिथे ती आधीपासून विश्वासाची ठरलेली असते. ती स्वतःलाच ईमेलने पाठवून दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि लाल पट्टी आल्यावर फक्त सूचनेची शीट दिसते ना हे पाहावे. नंतर बंद करताना ‘कॅन्सल’ दाबून पाहावे, चार ओळी एकदम पेस्ट करून पाहाव्यात, ‘सेव्ह ॲज’ करून पाहावे, तारखेत ३१ जून लिहून पाहावे आणि फॉर्म अर्धवट भरून बंद करावा. शेवटी जी व्यक्ती फाइल रोज वापरणार आहे तिला शेजारी बसवून, काहीही न सांगता, एक पावती आणि एक बिल करायला द्यावे. ती जिथे थांबेल किंवा विचारेल तिथला संदेश तिच्याच समोर संदेशांच्या शीटवर बदलावा आणि तीच पावती पुन्हा करून घ्यावी. प्रकल्पाचा पासवर्ड आणि कोडची एक प्रत समितीच्या दप्तरात ठेवून तशी नोंद कार्यभार सोपवण्याच्या यादीत करावी, म्हणजे पुढचे खजिनदार आल्यावर फाइल दुरुस्त करणाऱ्याला मूळ लेखकाचा शोध घेत बसावे लागणार नाही.